सोन्याची कुपी

प्रिय हेडबाई,

पत्र बघून तू कपाळाला आठ्या घालशीलच, म्हणून वाईट बातमी आधी सांगून टाकते. आपली भट्टी मी काल बंद केली. हो, तीच, जी पुढच्या वर्षापर्यंत चालवायची म्हणून आजारपणाच्या रजेवर जाताना तू माझ्या गळ्यात मारलीस. साहेबांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. अर्धवट निकालाला कुत्रंही विचारत नाही म्हणाले, आणि ते खोटं नाही. तुझा लेख आता कोणी छापणार नाही, हे मलाही कळतं. मी ऐकून घेतलं. भांडायला अंगात त्राण लागतं.

थकले आहे गं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन दाबाचा काटा बघायचा, तो जरा उतरला की पंपाचा दांडा मारायचा, खांद्यातून कळ आली की तुला शिव्या घालायच्या. नवऱ्याच्या मते माझं दुसरं लग्न भट्टीतल्या त्या पोलादी नळीशी झालंय. आणि एवढं करून आत काय चाललंय ते दिसत नाही. बोटाच्या पेराएवढी सोन्याची कुपी, तिच्यात दगडाची हिरवी पूड आणि खारं पाणी, दोन्ही तोंडं तूच वितळवून बंद केलेली. आत बघायचं तर ती थंड करून फोडावी लागते, आणि फोडली की प्रयोग संपला. हे तू मला पहिल्याच आठवड्यात दम देऊन सांगितलं होतंस.

साहेब म्हणायचे, या तापमानाला हा दगड पाण्याला दाद देत नाही. तू म्हणायचीस, देतो, पण रमतगमत. त्यावरून तुमची जुंपली की मी चहा करायला पळायचे. आधीच्या कुप्या आठवतात ना? एक गळली, एक चिरली, एक तर मीच चिमट्यातून पाडली आणि आपण दोघी टेबलाखाली रांगत होतो. सफाईच्या मावशी दारातून म्हणाल्या, सोनं हरवलं की काय बाई, आणि खरंच सोनं हरवलेलं असून आपल्याला हसू आवरेना.

ही मात्र गळलेली नाही. थंड केली, पुसली, तोलली. वजन जसंच्या तसं. दगड पाणी प्यायला असेल-नसेल, बाहेर थेंब गेलेला नाही. साहेब पातं घेऊन फोडायला आले, तेव्हा मी कुपी मुठीत धरली आणि नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तुझ्या मुलाचा परवा फोन आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं. पुढच्या वर्षाबद्दल ते काही बोलायलाच तयार नाहीत. तू मला नुसता अशक्तपणा आहे म्हणत राहिलीस, त्याचा मला राग आहे आणि तो मी समोर येऊन काढणार आहे. रविवारी येते. पिशवीत छोटा सूक्ष्मदर्शक आहे, पातं आहे आणि कुपी तशीच बंद आहे. हात थरथरला तर मी धरीन, पण फोडायची तूच आणि आधी बघायचंही तूच. काय दिसलं ते मला सांग. साहेबांना सांगायचं की नाही, ते नंतर बघू.

तुझीच,
उतावळी