अहो आई, घरात बाटली आली

अहो आई,

तुमच्या मुलानं घरात दारू केली. दारू म्हणजे बीअर, पण तुमच्यापुढे तो फरक सांगत बसण्यात काही अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. बरं, एकदा करून थांबला असंही नाही, आता दरवर्षी करतो. ख्रिसमस जवळ आला की इथल्या दुकानांत क्रॅनबेरी नावाची लाल, टणक, करवंदाएवढी फळं येतात, ती घालून करतो. आणि मी, जिनं तुम्हाला शब्द दिला होता ती, त्याला ती फळं निवडून, धुऊन देते. घ्या, एका दमात सांगून टाकलं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

पत्रात मी त्याला 'तो' म्हणतेय, तेवढं चालवून घ्या. तुमच्यासमोर मी 'अहो' म्हणत होते, पण आमच्या खोलीचं दार लागलं की 'अरे'च असायचं, आणि मला वाटतं तुम्हाला ते माहीत होतं. तुमचे कान काही कमी तिखट नव्हते.

शब्द दिला तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. तुम्ही पुण्याहून इथे इंग्लंडात, लेस्टरला आमच्याकडे राहायला आलात, तो हिवाळा. पातळावर मुलाचं स्वेटर, पायात त्याचेच मोजे, आणि स्वयंपाकघरात तुमचं राज्य. दारावरची बेल वाजते. शेजारचे गृहस्थ ख्रिसमसची भेट म्हणून वाइनची बाटली घेऊन उभे आहेत. इथली माणसं येताजाता सगळ्यांना 'डक' म्हणतात, आपण बाळा म्हणावं तसं. ते तुम्हालाही 'हॅपी ख्रिसमस, डक' म्हणतात. तुम्ही हसून हात जोडता, दार लावता आणि माझ्याकडे वळून म्हणता, "बूच काढ." मी काढते. तुम्ही अख्खी बाटली सिंकमध्ये ओतता, वरून गरम पाणी सोडता आणि नाकाला पदर लावून तो लाल रंग जाईपर्यंत उभ्या राहता. मी आपली बावळटासारखी म्हणाले, "अहो आई, नुसती भेट होती, कुणाला तरी देऊन टाकली असती." तेव्हा माझ्यावर काय उखडलात! "नुसती म्हणे! तू बघितलंयस कधी, नुसतीचं काय होतं ते? या घरात बाटली येता कामा नये. आणि आलीच, तर मला कळवायचं. लपवायचं नाही. लपवालपवी मी जन्मभर केली, तिनं काही होत नाही." मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "मान नको, तोंडानं बोल." मी तोंडानं बोलले.

मामंजींना मी फोटोतच पाहिलं. ते पोटाच्या दुखण्यानं गेले, असं घरात सांगायची पद्धत होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई, मला ते दुखणं कसलं असेल ते विचारावं लागलं नाही. तुमचा मुलगा त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. कारखान्याच्या पार्टीत सगळ्यांच्या हातात ग्लास आणि हा कोपऱ्यात लेमोनेड धरून उभा. इंग्रज मित्रांनी किती चिडवलं, पण नाही म्हणजे नाही.

तुम्ही गेल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. मधल्या काळात इथले मोज्या-स्वेटरांचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि याचाही पडला. ज्या मशीन्सचा आवाज ऐकून हा त्यांचं काय बिघडलंय ते सांगायचा, त्या सुट्या होऊन परदेशात गेल्या. इथे नोकरी गेली असं म्हणत नाहीत, माणूस 'रिडंडंट' झाला म्हणतात, म्हणजे जादाचा. पन्नाशी उलटलेला तुमचा मुलगा जादाचा होऊन घरी बसला. मुलगी युनिव्हर्सिटीत गेलेली, मी दिवसभर लॅबमध्ये. परत यावं तर हा सकाळच्याच ड्रेसिंग गाऊनमध्ये, दाढी वाढलेली, टीव्ही बंद आणि बागेकडे बघत बसलेला. जेवलास का, तर "हं." कुठे फोन केलास का, तर "हं." मला फार भीती वाटायची, आई. रिकामा बसलेला पुरुष आणि त्याचा बाप कशानं गेला, या दोन गोष्टी मी मनात एकमेकींशेजारी ठेवत नव्हते, त्या आपणहून येऊन बसत होत्या.

त्यातच शेजारच्यांना, तेच ते वाइनवाले, त्यांना डायबेटिस निघाला. डॉक्टरनं त्यांचं पिणं बंद केलं. ते वर्षानुवर्षं घरी बीअर करायचे. त्यांनी कुंपणावरून मोठी झाकणाची बादली, नळ्या, काचेची बरणी असं सगळं सामान याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू मशीनवाला माणूस, तुला जमेल. मला नुसता वास दिलास तरी पुरे."

आणि यानं ते घेतलं!

मी लॅबमधून आले, दही बघायला वर गेले. आठवतंय ना, थंडीत दही लागत नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते, तर गरम पाण्याच्या टाकीचं ते टॉवेल वाळवायचं कपाट तुम्हीच शोधून काढलं होतंत? "हे बघ, तुझ्या घरात मे महिना लपलाय," म्हणाला होतात. तेव्हापासून माझं दही तिथेच लागतं. तर कपाट उघडते तो आत बादली, आणि माझं दह्याचं भांडं बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी गारठलेलं.

"हे काय आहे?"

"बीअर. तिलाही ऊब लागते."

"आणि माझं दही?"

"दही काय, उद्या लागेल."

किती तरी दिवसांनी तो माझ्याशी पूर्ण वाक्यं बोलला होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी अशी तणतणले की काही विचारू नका. पण तुमचं नाव काढायचा धीर झाला नाही. बादलीत काकवीसारखं घट्ट माल्ट, पाणी आणि यीस्ट होतं. झाकणावर एक छोटी नळी, तिच्यातल्या पाण्यातून हवेचा बुडबुडा निघून गुडुक असा आवाज यायचा. तो जिन्यात बसून ते गुडुक ऐकायचा. दाढी करायला लागला. सकाळी उठून कपडे घालायला लागला. ते मला दिसत होतं, पण मला ते बघायचंच नव्हतं. मी काय करत होते सांगू? तो बाथरूममध्ये गेला की त्याचा चहाचा मग हुंगत होते. लॅबमध्ये लिव्हरच्या टेस्टचा एखादा वाईट रिपोर्ट समोर आला, आणि वय पन्नाशीचं दिसलं, की मी आधी त्यावरचं नाव वाचायचे.

उकळी बसावी तशी ती बादली शांत झाली, तेव्हा बीअर बरणीत काढून फळं घालायची वेळ आली. शेजारी म्हणाले, ख्रिसमसला क्रॅनबेरीच हवी. यानं एक कच्चीच तोंडात टाकली, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "अगं, करवंद! अगदी आईच्या लोणच्यातलं." बस, तिथेच घोळ झाला. त्या दिवशी मी घरी पोचले तर स्मोक अलार्म बोंबलतोय, खिडक्या-दारं सगळी उघडी, आणि तुमचा मुलगा एका हातानं टॉवेल हलवतोय. गॅसशेजारी ताटलीत बार्बेक्यूचा पेटता कोळसा, त्यावर बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या दुकानांतून आणलेला खडा हिंग, आणि त्यावर ती काचेची बरणी उपडी.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"धुरी."

"बीअरला?"

"बीअरला नाही गं, बरणीला. शेजाऱ्यांनी दिलेल्या बरणी धुवायच्या औषधाला नुसता स्विमिंग पूलचा वास येतो. धुरी दिल्याशिवाय आई बरणीत काही भरायची का?"

आता, मी लॅबमधली बाई. निदान बरणी विसळून तरी घे, एवढं सांगणं माझ्या हातात होतं. नाही सांगितलं. नासू दे एकदाची, असंच माझ्या मनात होतं.

बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली, आत फेस धरेपर्यंत थांबलो. मग एका दुपारी शेजारी वास घ्यायला आले. यानं पहिली बाटली उघडली, ग्लासात ओतली. रंग काय सुंदर, अगदी आमसुलाच्या सारासारखा. शेजाऱ्यांनी डोळे मिटून नाक ग्लासात घातलं. मग अगदी हळू, माणूस दुखावू नये म्हणून विचारावं तसं म्हणाले, "डक, यात कांदा आहे का?"

यानं ग्लास हातातून घेऊन हुंगला आणि जो हसायला लागला, आई! खुर्चीत मावेना. मला हाक मारतोय, हुंगायला लावतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. वरणाची फोडणी, आई, निव्वळ वरणाची फोडणी! शेजाऱ्यांना काही समजेना, पण तेही हसत सुटले. मग यानं एकेक बाटली सिंकमध्ये रिकामी केली, आणि मी शेजारी उभी राहून मनात म्हटलं, सुटलो.

कुठलं सुटतोय. पुढच्याच आठवड्यात माल्टचा नवा डबा घरात.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी डब्यावर हात ठेवून म्हटलं, "बास. मी तुझ्या आईला शब्द दिलाय. बाटली येणार नाही म्हणून. तुझ्या वडिलांचं काय झालं ते मला कुणी सांगायला नकोय, मी रोज तसले रिपोर्ट बघते. तुला प्यायचीच असेल तर आत्ता सांग, मला असं झुरत ठेवू नकोस."

तो म्हणाला, "मला प्यायची नाहीये."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "बाबांच्या हातात ग्लास आला ना, की मी त्यांच्या हाताकडे बघायचो. आईही बघायची. ते ग्लास खाली कसा ठेवतात, हळू का आपटून, त्यावरून आम्हाला पुढचं सगळं कळायचं. अजूनही कुणी ग्लास उचलला की मी त्याचं तोंड बघत नाही, हात बघतो. कारखान्यात इतकी वर्षं काढली, एकाही पार्टीत मला कोण काय बोललं ते आठवत नाही. नुसते हात आठवतात. आता दिवसभर रिकामा बसल्यावर डोक्यात तेच. घरात बाटली आहे आणि घरातलं कुणी घाबरलेलं नाही, असं घर मला एकदा बघायचंय."

मी म्हटलं, "मी घाबरलेय की."

"माहितीये. माझा मग हुंगतेस तेही माहितीये. म्हणूनच पुन्हा करतोय. तू घाबरायची थांबलीस की झालं."

मी तिथेच, त्या डब्यावर डोकं टेकून रडले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही मायलेकांनी एका घरात राहून एकमेकांना तरी कधी सांगितलं होतंत का, कोण जाणे.

दुसऱ्या खेपेला फळं मी धुतली, सुती पंचावर पसरून कोरडी केली. हिंगाचा डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. बीअर चांगली झाली, शेजाऱ्यांनी वास घेता घेता एक घोट चोरलासुद्धा. मग यानं स्वतःला एक ग्लास ओतला, आयुष्यातला पहिला. एक घोट घेतला आणि काढा प्यायल्यासारखा चेहरा केला. "यासाठी माणसं घरदार सोडतात?" म्हणाला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्यानं ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि लांब सरकवला.

आता तो कॉलेजात आठवड्यातून दोन-तीनदा मशीन दुरुस्ती शिकवतो. जिन्याखाली बाटल्या असतात, त्या ख्रिसमसला गल्लीभर वाटतो. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे. मला तुमचा राग येत नाही, वाईट वाटतं. ती वाइन ओतताना तुमचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं होतं, आणि मला वाटलं थंडीमुळे. तुमचा सगळा संसार कुणाच्या तरी हाताकडे बघण्यात गेला. एकदा तरी जवळ बसून विचारायला हवं होतं मी.

तुम्ही कळवायला सांगितलं होतंत म्हणून लिहायला बसले, पण हे पत्र मी टाकणार नाही. पत्ता नाही हे एक. आणि पत्ता असता, तरी टाकायचा धीर झाला नसता, कारण एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्याला ती बीअर आवडली नाही, त्यानं परत कधी तोंडाला लावली नाही. मी लावते. शुक्रवारी लॅबमधून आले की अर्धा ग्लास. आंबट, किंचित कडू, गार, बरी लागते. पहिल्यांदा घेतली तेव्हा तो समोर बसून माझ्या हाताकडे बघत राहिला. पुढच्या शुक्रवारीही बघितलं. नंतर कधीतरी त्याचं बघणं थांबलं, नेमकं कधी ते माझ्याही लक्षात आलं नाही. आता तो पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसतो आणि मान वर न करता विचारतो, "अजून हवी का गं थोडी?"

आणि कधी कधी मी हो म्हणते, आई.