कासवापुढची पत्री

आई, तक्रार आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझं कासव अजून रोज सकाळी मोरीच्या दारात आडवं बसतं. घरच्या कर्त्या पुरुषाने, ज्याच्या लेखणीला निदान पेणमध्ये तरी चार लोक वचकून असतात, टॉवेल सावरत त्याला ओलांडायचं. हा अन्याय मी आजवर मुकाट सोसला. परवा मात्र मोरीचं दार मोकळं होतं, आणि मला आंघोळ सुचेना.

झालं असं. चतुर्थीला गणपतीला वाहिलेली पत्री दुसऱ्या दिवशी उतरवली. तुझ्या सुनेने ती तुझ्यासारखीच पिशवीत बाजूला ठेवली. निर्माल्य टाकायला नाक्यापर्यंत चालायचा मला कंटाळा, म्हणून मी पिशवी कासवापुढे ओतली.

"अहो, पिशवी कुठाय?"

"कासवाला दिली. प्रसाद."

"सगळी? निवडली नाय?" तिचा चेहरा उतरला. "त्यात रुई होती, धोत्रा, कण्हेर. आई दर वर्षी काय निवडत बसायच्या मग?"

आणि तू मागच्या पडवीत सूप घेऊन बसली आहेस. दुर्वा, जास्वंद एकीकडे, विषारी पानं एकीकडे. मी दारातून विचारतो, "देवाला चालतं ते तुझ्या कासवाला चालत नाय?" तू मान वर न करता म्हणतेस, "देव खात नाय रे, नुसता बघतो. ह्यो खातो. ह्याला गवत-पाला पायजे. भात नको, दूध नको, आन् तुझी हुशारी तर नकोच नको. जरा सूप धर." मी म्हणतो, "नंतर."

पेणचे जनावरांचे डॉक्टर सणाला गावी गेलेले, म्हणून कासवाला पिशवीत घालून रोह्याची गाडी पकडली. कासू स्टेशनापर्यंत मी चार-पाचदा पिशवीला कान लावला असेल. समोरचे चाचा बघत होते.

"काय हाय पिशवीत?"

"भोपळा."

"मग त्याचा श्वास कशाला ऐकताय, भाऊ?"

नागोठणं जाईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रोह्याच्या डॉक्टरांनी आधी कासव पाळण्याबद्दलचा कायदा ऐकवला, मग सुई टोचली. "कोमट पाण्यात बसवत जा. जगेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही."

आज गौरी-गणपती गेले. पडवीत तुझं सूप आणि उतरवलेली पत्री घेऊन बसलोय. तुझी सून म्हणाली, "द्या, मी निवडते." म्हटलं, राहू दे. तुझं एक सूप धरायचं राहिलंय माझ्याकडे. कासव समोर आहे. मान बाहेर टाकलेली, हात लावला तरी आत घेत नाही. नाकाशी कोवळी दुर्वा ठेवली आहे. अजून तोंड उघडलेलं नाही.

रुई आणि कण्हेर निवडून झाली. बांधून टाकायला दुसरा कागद मिळत नाही, म्हणून तुला हे लिहिलेला हाच घेतोय. खरं सांगायचं तर, दुसरा शोधलाच नाही.