मालक येईपर्यंत

दि. ६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
आम्ही दोघं खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. खरं तर आमच्या सहलीच्या बसमध्ये चोर आहे. सगळी पासष्टीपुढची मंडळी, निम्म्यांना जिना चढवत नाही, आणि त्यातलाच कुणी हात मारतोय.

आधी आमच्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंचा चष्मा जेवणाच्या टेबलावरून गेला, मग एकीची अंगठी बेसिनच्या काठावरून. काल निवृत्त जजसाहेबांचं कानाचं मशीन सीटवरून नाहीसं झालं. तेव्हापासून ते अख्ख्या बसवर ओरडतात, आणि आपण ओरडतोय हे त्यांनाच ऐकू येत नाही. बंद बॅगेला मात्र कुणाचा हात लागलेला नाही.

संशय गाइड मुलीवर आहे, कारण खोल्यांच्या जादा किल्ल्या तिच्याकडे असतात. पुढच्या मुक्कामापर्यंत वस्तू सापडल्या नाहीत तर तिची नोकरी जाणार. काल जिन्यात तोंड लपवून रडत होती. ह्यांनी तपास हाती घेतलाय. घरी स्वतःची कपबशी उचलत नाहीत, इथे प्रत्येक सीटखाली वाकून बघतात.

पुढच्या हॉटेलच्या पत्त्यावर लगेच उत्तर टाक. माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र पहिल्यांदा वाचून पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू जिरलं. ताई, चोर बॅग उघडतो. उघड्यावर राहिलेलं तेवढंच कोण उचलतं?

भाऊजींनी बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे उभी हयात काढली. सुटलेली वस्तू दिसली की रुमालात बांधायची, सुतळीची गाठ मारायची, मालक येईपर्यंत जपायची. मागे आमच्याकडे राहिलात, तेव्हा माझा वस्तरा असाच बांधलेला त्यांच्या बॅगेत निघाला होता. त्यांना काही आठवेना, आणि आपण दोघं हसलो होतो.

त्यांची बॅग बघ. माझ्यावर रागाव हवं तर, पण आधी बघ. त्या पोरीला थांबायला वेळ नाही.
तुझाच,
धाकटा

दि. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
ह्यांची बॅग उघडली. सगळ्या वस्तू सुतळीने नीट बांधलेल्या. ह्यांना दाखवल्या तर क्षणभर गोंधळले, मग म्हणाले की प्रवासी काळजीत असतील, लगेच पोचवायला हव्यात.

गुपचूप जागच्या जागी ठेवाव्यात असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मग चोराने घाबरून परत केल्या म्हणाले असते, आणि बोट त्या पोरीकडेच राहिलं असतं. म्हणून वस्तू ज्याच्या त्याला दिल्या, बसमध्ये उभी राहिले आणि ह्यांना हल्ली आठवत नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. जजसाहेबांनी मशीन कानात घातलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यांदा सांगताना मात्र मला रडू फुटलं. मग जजसाहेबांनी उठून त्या पोरीची माफी मागितली, तीही सवयीने ओरडूनच. तिची नोकरी राहिली.

परतल्यावर डॉक्टरकडे जायचं आहे, तू बरोबर ये. एकटीने जायचा धीर नाही.

आज वाटेत बस थांबली तेव्हा मी बाकावर एकटीच बसले होते. हे आले, जरा अंतर ठेवून बसले आणि अदबीने म्हणाले की बाई, घाबरू नका, तुमचं माणूस येईपर्यंत मी इथून हलणार नाही. मी बरं म्हटलं. बस निघेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.
तुझी ताई