अंगठ्याची खळगी

गुरुजी,

तुमची खुर्ची माझ्या हातून बिघडली. मोडली नाही, उलट इतकी चांगली झाली की तुमची राहिली नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आता हे सांगायला पत्र घेऊन बसलोय, याचं मलाच थोडं हसू येतं. पण जे काकूंना सांगता आलं नाही ते दुसऱ्या कोणाला सांगणार?

मला अलीकडे दोन नाद लागले आहेत. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चाला म्हटलं, मला चालण्यापेक्षा सायकल बरी वाटली. दुसरा नाद लाकडाचा. अमरावतीत एका भंगारवाल्याकडे न्हाव्याच्या दुकानातलं एक स्टूल दिसलं, तीन पायांवर कसंबसं उभं. घरी आणून चौथा पाय बसवला, वरचा हिरवा रंग खरवडला, तर खाली सागवान निघालं. तेव्हापासून गच्चीवरची पत्र्याची खोली माझी झाली. दुधाचं जाळीचं कपाट, कोण्या वकिलाचं उतरतं मेज, सासूबाईंची धान्याची पेटी, असं काहीबाही तिथे येतं आणि नवं होऊन खाली जातं. सकाळची वंदना झाली की ऑफिसला निघेपर्यंतचा एक तास मी वर असतो. लाकूड घासत बसलं की मन एका जागी राहतं. विहारात बसून जे साधत नाही ते कधीकधी तिथे साधतं. बायको म्हणते, घरात माणसं तीन आणि खुर्च्या अकरा, आता पाहुणे तरी बोलवा.

दिवाळीत गावी, तुमच्या घरी काकूंना भेटायला गेलो होतो. मोतीबिंदू काढले तरी त्यांच्या डोळ्यांपुढे धुकंच आहे, घरात सगळं हातानं चाचपून चालतं. ओसरीवर तुमची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली, मागचा एक पाय निखळलेला. तुमच्या मुलानं नवी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आहे, तिच्यावर त्या पाण्याची कळशी ठेवतात. मला म्हणाल्या, "पाय तेवढा बसवून दे बापू, मले अजून बसाचं हाय तिच्यावर." पाय तेवढा. मी हो म्हटलं आणि गावातल्या एका टेम्पोत टाकून खुर्ची अमरावतीला आणली.

ती खुर्ची पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चौथीत होतो. शाळेत एक टेबल होतं, त्याचाही एक पाय विटांवर. गुरुजींसाठी खुर्ची नव्हतीच. तुम्ही बदली होऊन आलात आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या घरची खुर्ची सायकलच्या कॅरिअरवर उलटी बांधून घेऊन आलात, चारी पाय आभाळाकडे. आम्ही पोरं नाल्यापर्यंत पळत सामोरे आलो होतो. मग रोजचं ते दृश्य. तुम्ही बसला आहात, उजव्या हातात पुस्तक, डावा हात खुर्चीच्या हातावर, आणि अंगठा त्याच्या टोकावर पुढे-मागे, पुढे-मागे. मी धडा वाचतो आहे. अंगठा थांबतो. म्हणजे माझं चुकलं. मी मागे जातो, शब्द पुन्हा वाचतो, अंगठा पुन्हा चालू लागतो. तुमची छडी कशी होती ते मला आठवत नाही, तो थांबलेला अंगठा आठवतो. 

तुमच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नीट लिहायचं. एकदा गणिताचं उत्तर मी थुंकी लावून बोटानं पुसलं आणि पानाला भोक पडलं. तुम्ही ती वही डोळ्यापुढे धरलीत आणि भोकातून माझ्याकडे पाहिलंत. "याच्यातून तर मले तू दिसून राह्यला. तुयं चुकलेलं कोठी हाय? ते मले पाह्यचं होतं." सगळा वर्ग हसला, मी रडलो. पुढे स्कॉलरशिपच्या परीक्षेला मूर्तिजापूरला निघालो तेव्हा तुम्ही नवी पेन्सिल दिलीत, मागचं रबर ब्लेडनं कापून टाकलेली. पेन्सिल केव्हाच संपली. तिची ती बोडकी पितळी टोपी मी अजून ठेवली आहे.

आणि तरीही माझ्या हातून हे झालं. पायाचं काम एका सकाळचं होतं. सांधा उकलला, बांबूची खुंटी ठोकली, सरस लावून दोरीनं आवळून ठेवला. तिथेच थांबायला हवं होतं. पण हाताला सवय लागलेली असते. जुनं पॉलिश काळं पडलं होतं, ते काढलं. खुर्चीच्या उजव्या हातावर शाईचे डाग होते, ते घासून काढले. डाव्या हाताच्या टोकाशी एक खळगी होती. खोटं सांगत नाही गुरुजी, ती पाहून मला तुम्ही आठवला नाहीत. मला दिसला तो दोष. रंधा मारून मी वरचा भाग सपाट केला, जे खोल उरलं त्यात सागाचा भुसा आणि सरस कालवून भरला, घासकागदानं एकसारखं केलं, लाखेचे चार हात दिले. बोट फिरवून कळणार नाही असं काम. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर शाबासकीचे अंगठेच अंगठे आले.

शनिवारी सकाळी निघालो. आमच्या ग्रुपमधले लोक रात्रीच्या मुक्कामाची सफर करतात तेव्हा डोंगराकडे जातात. माझा मुक्काम तुमच्या घरी होता. बायको म्हणाली, टेम्पोनं आणली तशी टेम्पोनं न्या ना. पण तुम्ही आणली होती तशीच मला ती न्यायची होती, कॅरिअरवर उलटी. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधली. बडनेरा सोडल्यावर समोरून वारा सुरू झाला. बाजूनं एखादा ट्रक गेला की खुर्ची सायकलला डावीकडे ओढायची. लोणीच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "काहून भाऊ, इलेक्शन हारले काय? खुर्ची घेऊनच पळून राह्यले." बाकावरचे चार लोक हसले. मी म्हटलं, "आमच्या गुरुजीची हाय." चहा देऊन झाल्यावर तो उठला, मागची पट्टी ओढून पाहिली आणि आणखी एक गाठ मारली. 

दिवस कलताना पोचलो. काकू ओसरीवर वाट पाहत होत्या. मी खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, हाताला धरून त्यांना बसवलं. त्यांनी अंग हलवून पाहिलं, पाय डुगडुगला नाही. मी मनातून फुगलो होतो. मग त्यांचा डावा हात पुढे सरकला. अंगठा टोकापर्यंत गेला, मागे आला, पुन्हा गेला. आणि थांबला.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "अन् आमची कोठी हाय?"

तुम्ही गेल्यावर त्या रोज संध्याकाळी तिथे अंगठा ठेवून बसत असत, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, हीच आहे काकू, थोडं काम राहिलंय, सकाळपर्यंत होईल. त्यांनी मान हलवली. भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, माझ्या पोरीच्या शाळेचं विचारलं, खुर्चीचं काही नाही. त्या लवकर निजतात. मी खुर्ची मागच्या अंगणात नेली, सायकलचा दिवा भिंतीवर ठेवला आणि खिशातल्या चाकूनं मी भरलेलं सगळं उकरलं. सरसाचे पापुद्रे निघाले. खाली पाहिलं तर खळगी नावापुरती. बाकीची मी रंध्यानं केव्हाच काढली होती, तिचा भुसा गच्चीवरच्या कचऱ्यात गेला होता.

जवळ हत्यार नव्हतं. पंक्चरच्या डबीत ट्यूब घासायचा कागद असतो, तेवढा होता. तो डाव्या अंगठ्याला गुंडाळला आणि घासत बसलो, पुढे-मागे, पुढे-मागे, तुमचा अंगठा चालायचा त्या चालीनं. वंदना आपोआप तोंडात आली. कागद झिजल्यावर नुसत्या अंगठ्यानं घासलं, खोबरेल लावलं, पुन्हा घासलं. सालटं निघालं तेव्हा थांबलो.

सकाळी काकू तुळशीला पाणी घालून आल्या आणि खुर्चीत बसल्या. अंगठा गेला, टेकला, खळगीत बसला. मी समोर चहाचा कप धरून उभा. मग त्या हलकेच म्हणाल्या, "आले." आणि कप घ्यायला हात पुढे करता करता, "अंगठा बारीक झाला त्यायचा."

मी माझा डावा हात मागे घेतला. परतीच्या वाटेवर ब्रेक दाबताना अंगठा ठणकत होता.

त्या खळगीत तुमचं किती उरलं आणि माझं किती आहे, ते मला सांगता येणार नाही. काकूंना ते मी सगळं तुमचं म्हणून दिलं. चुकलेल्यावर रेघ मारून, काकू, हे माझ्या हातून पुसलं गेलं, एवढं म्हणायला हवं होतं. मी पुसलेल्यावर पुन्हा पुसलं. या पत्राला पाठवायला पत्ता नाही, आणि तेच बरं आहे. तुम्ही ते मला मोठ्यानं वाचायला लावलं असतं, आणि अंगठा कुठे थांबला असता ते मला माहीत आहे.