कागदावरचं एकोणचाळीस

सोनपेठ, २४ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम.

मागच्या पत्रातली माझी एक चूक आधी दुरुस्त करते. तुमचं वय एकोणचाळीस नाही, बेचाळीस आहे. मी शाळेच्या दाखल्यावरची १ जून १९८६ ही तारीख धरली. शाळेत घालताना गुरुजींनी वर्गातल्या सगळ्याच पोरांना हीच तारीख लावली होती, हे काल आईनं सांगितलं. आईचा जन्म दवाखान्यातला, १९८५ चा, तिचा दाखला खरा. म्हणजे कागदावर तुम्ही धाकट्या बहिणीपेक्षा वर्षानं लहान! तुम्ही तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. माझ्याच ध्यानात आलं नाही, याची लाज वाटते.

पण तुम्हाला तर माहीत होतं. पाथरीच्या सामन्यात चाळिशीच्या वर कुणाला घेत नाहीत. हेवीवेट बॉक्सर ऐन भरात कधी असतो, यावर मी चार पानं लिहिली, तुम्ही अजून भरात आहात असं ठरवलं, आणि ते पत्र तुम्ही समितीला वाचून दाखवलं म्हणे. मामा, माझ्या अक्षरात खोटं वाचलंत. समोर बालाजी आहे, तेवीस वर्षांचा, एकशे चार किलोचा. उन्हाळ्यात सरावात ठोसा लागला, तेव्हा दोन दिवस तुम्हाला एकाची दोन माणसं दिसत होती.

नाव मागे घ्या. फोन तुम्ही चिडून कट करता, म्हणून लिहून मागते.

रागावलेली, तरी तुमचीच,
धम्मशीला


चुडावा, २९ नोव्हेंबर

चि. धम्मशीलास,
अ. आ.

शाळेत जायच्या आधी पाटीवर अ काढायला तुला मीच शिकवलं, आता तू माझं वय काढायलीस! लय हुशार झालीस. फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झाला, हे कोण सांगितलं तुला? अलीची ऐन भरातली तीन वर्षं लढायच्या बंदीत गेली. माझी सहा पुण्याला वॉचमनकीत गेली. ती मला कोण वापस देणार? एक सामना पाहिजे मला, माणसांसमोर. बालाजीचा डावा हात खाली राहतो, पायाला तर चाल न्हाईच. तुझ्या आईला, रेणुकाला म्हणावं, दाखला पेटीत ठेव. १४ तारखेला सामना हाय, माझ्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन तूच बस.

लोभ हाय तसा राहू दे. जास्तीची अक्कल आवर.

तुझा मामा,
सिद्धोधन


सोनपेठ, ४ डिसेंबर

ती. मामांस,
जयभीम.

फोरमनचं तुम्ही अर्धंच सांगता. ती लढत तो दहाव्या फेरीपर्यंत हरत होता, आणि त्यानं वय चोरलं नव्हतं. अली अडतिसाव्या वर्षी होम्ससमोर उतरला, तेव्हा दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसानं लढत थांबवली. फार उशीर केला त्यानं. मी तेवढी वाट बघणार नाही.

तुमची सहा वर्षं गेली, त्याचा राग मलाही येतो. पण ती बालाजीच्या ठोशातून वापस यायची नाहीत. तुम्ही माझ्याशी बोलणं सोडाल, या भीतीनं माझं जेवणात लक्ष नाही. तरी जाणार. समितीपुढे आधी माझी चूक सांगेन, मग तुमची.

हवं तेवढं रागवा, माया तेवढी कमी करू नका.

तुमची,
धम्मशीला

ता. क. सोमवारपर्यंत नाव काढलं नाहीत, तर आईचा दाखला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं मी पाथरीला जाते आहे : मंगळवार, ९ डिसेंबर.