पाऊण टाकी जुनं पाणी

प्रिय अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. लग्नाआधी तुम्ही येरवड्याला आणि मी पेठेत. पण तुम्ही रोज संध्याकाळी पुलावर येऊन उभे राहायचात, त्यामुळे पत्राला कधी विषयच उरला नाही. आज लिहितेय, कारण दुपारी घडलेली एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी आहे आणि ती जिवंत माणसाला सांगता येत नाही. मग उरता तुम्हीच.

गोष्ट तुमच्या टाकीची आहे. माशांच्या.

हॉलमध्ये सोफ्याएवढी लांब टाकी आणलीत तेव्हा मी केवढा त्रागा केला होता! त्या भिंतीला मला पुस्तकांचं कपाट हवं होतं. पुढे लक्षात आलं की पाहुणे येऊन तासभर मासे बघत बसतात आणि तुमच्या नातेवाइकांशी मला फारसं बोलावं लागत नाही. मग मी विरोध मागे घेतला.

पण तुमचा तो रविवारचा सोहळा! आदल्या दिवशी बाल्कनीतल्या निळ्या पिंपात पाणी भरून उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जायला. सकाळी टाकीत नळी सोडायची, दुसरं टोक तोंडाने ओढायचं, दर वेळी एक घोट तोंडात जायचाच, आणि तळाचा गाळ बादलीत सोडायचा. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, त्याच गढूळ पाण्यात पिळायचा. मग पिंपातल्या पाण्यात कोपर बुडवून ऊन-गार बघायचं आणि टाकीच्या तळाशी बशी ठेवून तिच्यावर हळूहळू ओतायचं, खडे हलू नयेत म्हणून. कोपर! ईशाच्या अंघोळीचं पाणी तुम्ही एकदा तरी कोपराने बघितलंत का हो?

आणि एवढं सगळं करून काढायचं किती, तर पाव टाकी. पाऊण टाकी जुनंच.

"घाण आहे तर सगळंच काढा ना," मी एकदा म्हटलं होतं.

"घाण नाही गं ती. त्यांचं सगळं त्या पाण्यात मुरलेलं असतं. एकदम बदललं तर त्यांना कळत नाही आपण कुठे आलो. मरतात."

"म्हणजे पेठेतून धनकवडीत आलेल्या माझ्यासारखं."

"तू मेलीस कुठे?" म्हणालात आणि परत नळी तोंडात घातलीत. उत्तर देऊन लगेच तोंड बंद ठेवायची सोय असलेला दुसरा कुठलाही छंद मला माहीत नाही.

आणि तुमची जायची पद्धत तरी काय ती! खराडीच्या ऑफिसला निघताना, बूट घालता घालता. एक पायात आणि दुसरा हातात. मी आतून ओरडतेय, "डबा राहिला!" आणि तुम्ही ओ देत नाही. वाटलं, नेहमीसारखं दुर्लक्ष करताय. जन्मभर इतकं दुर्लक्ष करून ठेवलंत की खरं कुठलं ते मला वेळेवर ओळखता आलं नाही.

पुरुष तुम्हाला घेऊन गेले. मला आतल्या खोलीत बसवलं होतं, दार लोटून. शेजारच्या बायका माझा हात धरून होत्या, जणू मी पळून जाणार होते. बाहेर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मला वाटलं, फरशी धुतायत.

फरशीही धुतलीच. पण तुमच्या ताई, म्हणजे आमच्या कुमुदवन्सं, एवढ्यावर थांबणाऱ्या आहेत का? माणूस गेलेल्या घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही, असं त्यांना त्यांच्या सासूने शिकवलेलं. माठ उपडा केला. कळशी, हंडा, फ्रिजमधल्या बाटल्या, निळं पिंप, सगळं ओतलं. बर्फाचे ट्रेसुद्धा! मग नजर भिंतीकडे गेली. घरातलं सगळ्यात मोठं भरलेलं पाणी तिथेच होतं.

मासे पुरणाच्या पातेल्यात काढले. टाकी तळापर्यंत उपसली. खडे भांड्यांच्या साबणाने धुतले, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, काचा घासल्या आणि नळाला पाइप लावून टाकी काठोकाठ भरून टाकली. मी बाहेर आले तेव्हा तुम्हाला ठेवलं होतं तिथे दिवा जळत होता आणि त्याच्यामागे तुमची टाकी कधी नव्हे इतकी लखलखत होती. क्लोरीनचा वास येत होता. सगळे मासे वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते.

मला कळलं. तेव्हाच कळलं. पण तुमचा साठवणीचा थेंबही घरात उरला नव्हता. मी काय करणार होते? तुम्हाला विचारणार होते?

आधी एंजलची जोडी गेली. मग सोनेरी मासे. उरला तो काचेला चिकटून बसणारा काळा सकर. ज्याला तुम्ही भाडेकरू म्हणायचात, जो दिसायला वाईट आणि ज्याचं कुणी कधी कौतुक केलं नाही, तोच.

आता पुढचं ऐका. दहाव्याला वन्सं पाहुण्यांना सांगत होत्या, "मुक्या जिवांना कळतं हो. मालकामागून गेले सगळे." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तेराव्यापर्यंत त्यांच्या गोष्टीत माशांनी अन्न सोडलं होतं. सोडतील नाहीतर काय करतील, त्यांना अन्न घातलं होतं कुणी? पहिल्या मासिकाला तर ते दाराकडे तोंड करून रडत होते. मासे! पाण्यात! आणि ते म्हणे वन्संनी डोळ्यांनी पाहिलं.

माझं वाक्य तयार होतं. तुम्हाला माझी वाक्यं माहीत आहेत. "वन्सं, भावाला हृदयाने नेलं, माशांना तुम्ही नेलंत." वरण वाढताना ते ओठांवर यायचं, जिना उतरताना यायचं. साठ माणसांपुढे म्हणावं आणि एकदाची ती गोष्ट बंद पाडावी. पेपरातल्या शनिवारच्या सदरात लोकांना टोचून टोचून माझं आयुष्य गेलं, आणि इतकं टोकदार वाक्य तोंडात धरून मी ताटं वाढत होते. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

ईशाचा बंगलोरहून फोन येतो. "आई, देऊन टाक ना तो टँक. कोण मेन्टेन करणार?" बरोबर आहे तिचं. पण पाणी हिरवं व्हायला लागलं आणि भाडेकरू तळाशी पडून राहायला लागला. काल मी पिंप भरून ठेवलं. आज दुपारी नळी तोंडात धरली आणि नेमक्या त्या वेळी वन्सं आल्या, थालीपिठाची भाजणी घेऊन.

"वासंती, हे काय गं?"

"पाणी बदलतेय."

"शी! तोंडाने? सर, मी करते."

मी सरले नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि बादली धरली. पहिलाच घोट घशात गेला. तुम्ही वर्षानुवर्षं हे गिळलंत? आणि माझ्या आमटीला नावं ठेवायचात?

पाव टाकी उतरली, मी नळी काढली.

"थांबलीस का? अजून केवढं आहे!"

"बास. एवढंच काढायचं असतं."

"आणि बाकीचं?"

"तसंच ठेवायचं."

"का गं? सगळं काढलं तर काय होतं?"

अहो, वाक्य आलं. जिभेच्या टोकावर आलं. आणि समोर कोण, तर बादलीला दोन्ही हातांनी धरून उभी असलेली एक म्हातारी. तुमच्यासारखंच कपाळ, तुमच्यासारखीच विचार करताना पुढे येणारी हनुवटी. त्या टाकीकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी काय, वन्सं? त्या दिवशी त्यांना दुःख झालं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"हो. पण पाणी..."

"पाण्याचं काय? पाव टाकी माझ्या कमरेसाठी आहे. जास्त बादल्या मला उचलवत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कमरेला तेल लावत जा," म्हणाल्या, आणि बादली घेऊन बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. बादली केव्हाच रिकामी झाली असेल. तरी त्या माझ्याकडे पाठ करून उभ्याच होत्या. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. मी बशी ठेवली आणि पाणी ओतत बसले. हळू.

भाडेकरू जगेल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. तुम्ही नाही, त्यामुळे आता पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं.

एक वचन देते. हे मी सदरात लिहिणार नाही, ईशाला सांगणार नाही, भांडण झालं तरी वन्संना ऐकवणार नाही. वर्षश्राद्धाला त्या माशांच्या तोंडी तुमचं नाव घालतील, घालू देत. आणि कुणी माझ्याकडे वळून विचारलंच, "खरं का हो, वहिनी?", तर देवापुढच्या दिव्यावर हात ठेवून सांगेन: हो. रडत होते. मीही पाहिलं.

तुमची,
वासंती