तुला होईल गं

ताई,

दोन खोल्यांच्या घरात जायचं म्हणून कपाटं उपसतेय, आणि प्रत्येक कपाटातून तूच बाहेर पडतेयस. उसवलेल्या अस्तराचा तुझा कोट. तुझा थर्मास उघडला, तर आत झुरळाची अंडी! शिसारी आली. तू घर आवरलंस की माझ्याकडे पिशवी यायची आणि वर तुझं ते वाक्य, "तुला होईल गं!" माझं घर म्हणजे तुझा उकिरडा, हे कळायला केस पांढरे व्हावे लागले. हे पत्र पाठवणार नाही. तुझी पुढची आवराआवरी निघाली की तेही मलाच परत येईल.

त्यात सकाळी तुझा फोन. "जागा बदलतेच आहेस, तर माझा सोफा पाठवते. एक पाय लंगडा आहे, पण तुला होईल." मी मुकाट्याने "बरं" म्हणाले. जिभेला तेच वळण लागलंय.

आणि हे खुर्चीत बसून मलाच सांगतायत, "टाकू नकोस. ताईंनी प्रेमाने दिलंय."

प्रेमाने! यांचं स्थळ आधी तुलाच सांगून आलं होतं. तू दाराआडून पाहिलंस, नाक मुरडलंस आणि आईला म्हणालीस, "मला नको बाई. धाकटीला होईल."

दुपारी भंगारवाला आला. पोती बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, आणखी काही?"

मी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची म्हणाली, "चहा टाकतेस ना?"

"नाही रे," मी त्याला म्हटलं, "बाकीचं वापरात आहे."

जिला सगळंच होतं, ती तुझी
धाकटी